आतलं पाणी

१

बसमध्ये राहायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "लोक निवृत्तीनंतर प्रवासाला जातात. आपण बसमध्ये नुसतेच बसून राहणार. तिकीट काढायला नको, एवढं मात्र बरं."

तिला बोलायला जागा होती. चौतीस वर्षं मी आवक-जावक विभागात कारकून होतो. आलेल्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा, जाणाऱ्यावर जावक क्रमांक टाकायचा. मधल्या काळात कागदाचं काय होतं याच्याशी आपला संबंध नाही. नोकरीबरोबर दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं, निवृत्तीबरोबर ते गेलं. स्वतःचं घर बांधायला हवं हे मला दरवर्षी सुचायचं आणि दरवर्षी ते पुढच्या वर्षीच्या यादीत जायचं. शेवटी बायकोचा धाकटा भाऊ मदतीला आला. त्याचं गॅरेज आहे. गॅरेजमागच्या आवारात मोडीत काढलेली एक बस उभी होती. आसनं उपटून त्याने तिच्यात पलंग, ओटा, कपाट आणि पडद्याआड मोरी बसवली होती. भाडेकरू ठेवायचा त्याचा विचार होता. भाडेकरू मिळाला नाही. मिळालो आम्ही.

"भाऊजी, राजासारखे राहा," तो म्हणाला. "फक्त जराशी गळते."

राजवाडेही गळतात असं मी वाचलेलं आहे, म्हणून मी किल्ली घेतली. शिवाय प्रश्न राजाचा नव्हता, राणीचा होता. तिची छाती दोन वर्षांपासून धरत होती. डॉक्टरीणबाईंनी शेवटच्या भेटीत मला एकट्याला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं होतं, "ओल चालणार नाही. गार वारं चालणार नाही. कोरडी, उबदार जागा असेल तर काही वर्षं काढतील. ओलीत हा पावसाळासुद्धा निघायचा नाही."

मी हो म्हणालो. हो म्हणण्याचा मला दांडगा अनुभव आहे.

२

गळती शोधायची रीत मेहुण्याने शिकवली. एकाने टपावर जाऊन पाण्याचा पाइप धरायचा, दुसऱ्याने आत खडू घेऊन उभं राहायचं. थेंब दिसला की तिथे गोल करायचा आणि पत्र्यावर ठोकायचं. मग वरच्याने पाणी थांबवून भोक शोधायचं. ते गोलाच्या डोक्यावर कधीच नसतं. पाणी पुढच्या टोकाला शिरतं, दोन पत्र्यांच्या मधून निवांत चालत जातं आणि मागच्या टोकाला तुमच्या उशीवर हजर होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ऑफिसात एखाद्या फायलीबद्दल आम्ही ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ असं म्हणायचो, त्याचा खरा अर्थ साठीनंतर एका पत्र्याने मला समजावला.

जुना रंग तारेच्या ब्रशने खरवडायचा, पॉलिश पेपर मारायचा, फडक्याने कोरडं करायचं आणि रिव्हेटच्या डोक्याभोवती सिलिकॉन फिरवायचं. टपावर रिव्हेटच्या अठरा रांगा होत्या. मी प्रत्येक रिव्हेटला क्रमांक दिला आणि वहीत नोंद ठेवली. मेहुणा खाली उभा राहून मजा बघायचा.

"भाऊजी, ऑफिसात फायली बुजवल्यात, इथं भोकं बुजवा. खातं बदललं, काम तेच."

"फायलीतून कधी थेंब बाहेर आला नाही."

"म्हणून तर निवृत्त झालात. नाहीतर निलंबित झाला असतात."

बायको खिडकीशी बसून पेपर वाचायची, मोठ्याने, मला टपावर ऐकू जाईल असा. शाळेत शिवण शिकवायची, त्यामुळे आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय. पूर्वी ती अख्खी बातमी एका दमात वाचायची. स्वल्पविरामाची तिला थांबवायची प्राज्ञा नव्हती. आता ती स्वल्पविरामाला थांबायची, आणि कधीकधी स्वल्पविराम नसलेल्या जागीही. टपावर सिलिकॉन लावता लावता मी तिच्या वाक्यांची लांबी मोजायचो. त्याची नोंद मात्र वहीत केली नाही.

बारा दिवसांत टपाचे रिव्हेट झाले, खिडक्यांची रबरं झाली, दिव्यांच्या खाचा झाल्या. तोवर मला कामाची गोडी लागली होती. म्हणून आडवा होऊन मी बसच्या बुडाकडची बारीक भोकंही बुजवली. दोन्ही अंगांना, सारख्या अंतरावर, मिळून चोवीस. मेहुण्याने टपावर तासभर पाइप चालवला. आत एक थेंब आला नाही.

"आता पाण्यात सोडली तरी तरंगेल," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मला, आयुष्यात पहिल्यांदाच, आपण बायकोसाठी काही बांधलं असं वाटलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंती ओल्या होत्या.

पाऊस नव्हता. बाहेरचा पत्रा कोरडा ठणठणीत, हात लावला तर धूळ लागावी असा. आत मात्र काचांवरून ओघळ उतरत होते आणि पलंगाजवळच्या प्लायवूडला फुगा आला होता.

"अहो," बायको उशी उलटी करत म्हणाली, "तुमची होडी आतून बुडतेय."

मग तिला खोकला आला आणि तो बराच वेळ राहिला.

पुढचे आठ दिवस कोरडे गेले आणि आठही सकाळी हेच. मी खडू घेतला. ओल्या पत्र्यावर खडू उमटत नाही हे ध्यानात आल्यावर काचेवर उमटणारी मेणाची लाल पेन्सिल घेतली आणि जिथे जिथे ओल धरते तिथे गोल काढत गेलो. छताला एकही गोल आला नाही. सांध्यांना नाही, रिव्हेटच्या ओळीत नाही. सगळे गोल आले ते दोन बाजूंच्या खिडक्यांवर, पुढून मागेपर्यंत, एका उंचीवर. टेप लावून पाहिलं. दोन बोटांपेक्षा जास्त फरक कुठे नव्हता.

गळतीला शिस्त नसते. शिस्तीत होते ती गळती नव्हे, असं मला वाटलं. पण हे वाक्य मी ऑफिसात दुसऱ्या संदर्भात ऐकलेलं असल्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवला नाही.

४

मेहुण्याने पत्र्याच्या कामातला म्हातारा मिस्त्री आणला. चाळीस वर्षं त्याने बसच्या बॉड्या बांधल्या होत्या. तो आत आला, बोटाच्या पेराने दोन ठिकाणी पत्रा वाजवला, काचेवरचं पाणी बोटावर घेऊन चाखलं आणि मग बाहेर जाऊन बसखाली डोकावला.

"ही भोकं कुणी बुजवली?"

"मी."

"का?"

"भोकं होती म्हणून."

मिस्त्रीने गुडघ्यावरची माती झटकली. "साहेब, ती गळायची भोकं नाहीत. आतलं पाणी बाहेर जायला ठेवलेली असतात. गाडी बांधतानाच पाडतात."

मेहुणा गुडघ्यावर थापा मारून हसला. "आवक-जावकवाल्यानं जावकच बंद केली! ताई, ऐकलंस का?"

"ऐकलं," आतून बायको म्हणाली. "आमच्याकडं, पहिल्यापासून, तसंच आहे."

मी विचारलं, "पण आतलं पाणी म्हणजे कुठलं? आत पाणी येतच नाही."

"श्वासाचं," मिस्त्री म्हणाला. "पत्रा गार, माणसाचा वाफारा गरम. डबा बंद केला की सकाळी पाणी. किती जण झोपता?"

"दोघं."

"पाहुणेरावळे?"

"आम्हीच पाहुणे आहोत."

तो हसला नाही. पुन्हा आत गेला, काचांवरच्या माझ्या लाल गोलांकडे पाहत मागच्या टोकापर्यंत चालला आणि गेला त्यापेक्षा जरा घाईने परत आला.

"एक माणूस रात्रभरात पाव लिटर पाणी श्वासातून टाकतं. सकाळी फडक्यानं टिपा, बादलीत पिळा आणि मोजा. तुम्हा दोघांचं अर्धा लिटर, स्वयंपाकाची वाफ धरून एक लिटर समजा. तेवढं निघालं तर भोकं मोकळी करा, काम संपलं."

"आणि जास्त निघालं तर?"

"तर मला बोलवू नका. ते पत्र्याचं काम नाही."

५

दहा लिटर निघालं.

माप चुकलं असेल म्हणून दुसऱ्या सकाळी पुन्हा टिपलं. मेहुण्याच्या गॅरेजमधला तेलाचा मापी डबा आणला. दहाला थोडं कमी. तिसऱ्या सकाळी दहाला थोडं जास्त. स्वयंपाक दोन दिवस बाहेर केला, तरी फरक नाही. भागाकार मी केला नाही. म्हणजे केला, पण मनात केला, आणि मनातल्या भागाकाराखाली सही लागत नाही.

बसचे कागद मेहुण्याकडून मागून घेतले. अशा बसच्या गोष्टींत एक अपघात असतो. या बसला नव्हता. ठोकर नाही, आग नाही, कुणी दगावल्याची नोंद नाही. वर्षानुवर्षं माणसं चढली, बसली आणि उतरली. उतरल्याची नोंद ठेवायची पद्धत नाही, एवढंच.

दुपारी मी बुडाची भोकं मोकळी करायला घेतली. पहिल्या भोकातलं सिलिकॉन चाकूने काढलं. पाणी आलं नाही. हवा आली. उबदार, दमट, तोंडाजवळ येते तशी. मग ती थांबली आणि भोकाने बाहेरची हवा आत ओढली. माझ्या बोटावरची धूळ त्या दिशेने सरकली. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. बस तापली की असं होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आभाळ भरलेलं होतं आणि बस सावलीत होती. घड्याळ लावलं. मिनिटाला चौदा वेळा.

चोवीसच्या चोवीस भोकं मोकळी केली. चोवीसही एकदम आत ओढायची आणि एकदम सोडायची. दुसऱ्या सकाळी पाणी तेवढंच निघालं.

मी हे बायकोला सांगितलं नाही. तिनेच विषय काढला.

"हल्ली पहाटे, जरा बरं वाटतं," ती म्हणाली. "एकटीनं, दम ओढावा लागत नाही."

"मग कोण ओढतं?"

"गर्दीत कसं होतं? आपण चालत नाही, गर्दी नेते. तसं."

"अगं, काहीतरीच काय."

"तुम्हाला, कधी गर्दीत, जायलाच नको. तुम्हाला काय कळणार!"

६

मी तिला तिथून काढलं. एवढं मी केलं. उशिरा केलं, पण केलं.

गॅरेजवरच्या माडीवर मेहुणा राहतो. मेहुण्याच्या बायकोने स्वतःची खोली दिली, गादी उन्हात तापवून घातली. कोरडी, उबदार, भिंतीला हात लावला तर चुना हाताला यावा इतकी कोरडी खोली. डॉक्टरीणबाईंनी सांगितली होती तशीच.

तिथे तिला श्वासच लागेना. दम घ्यायची आणि पुढचा कधी घ्यायचा ते विसरल्यासारखी थांबायची. कुणीतरी ताल धरून द्यावा तशी आमच्या तोंडाकडे बघायची. दुसऱ्या सकाळी ओठ निळसर झाले. डॉक्टरीणबाई आल्या, नाडी धरून बसल्या, आणि जिन्यात मला म्हणाल्या की आता जिथे त्यांच्या मनाला बरं वाटेल तिथे ठेवा. असा शेरा मी ओळखतो. फाइल बंद करताना मारतात.

"डब्यात," बायको म्हणाली. "मला. डब्यात न्या."

"ताई, तिथं ओल आहे ना गं," मेहुणा रडकुंडीला आला होता.

"न्या."

त्याने तिला उचललं. मी कुलूप काढायला पुढे गेलो. बस दोन दिवस बंद होती, आत कुणी नव्हतं, किल्ली माझ्या खिशात होती. सकाळचे साडेनऊ झाले असतील, लख्ख उजेड होता. काचा धुरकटलेल्या होत्या, पण सरसकट नाही. माझे लाल गोल बाहेरून दिसत होते, आणि प्रत्येक गोलात वाफेचा एक डाग होता. सगळे डाग मोठे झाले. सगळे लहान झाले. पुन्हा मोठे झाले. पुढून मागेपर्यंत, दोन्ही बाजूंना, एकदम. झोपलेल्यांचे होतात तसे नव्हेत ते. बसून वाट बघणाऱ्यांचे होतात तसे. एका काचेवर डागाच्या शेजारी वाफ सारखी पुसली जात होती, कुणी आतून बाहेर बघायला हाताने पुसावी तशी. त्या पुसलेल्या जागेतून मला पलीकडची खिडकी दिसायला हवी होती. ती दिसली नाही. मध्ये काहीतरी होतं.

मी दार उघडलं. आत पलंग, ओटा, कपाट. बाहेरची हवा शिरली आणि सगळे डाग कडांकडून आक्रसत क्षणात नाहीसे झाले. कोऱ्या काचा.

"भाऊजी, सरका ना," मागून मेहुणा म्हणाला.

तिला पलंगावर ठेवलं, दार लावून घेतलं. तासाभरात काचा हळूहळू धुरकट झाल्या आणि तिची छाती शांत वरखाली होऊ लागली. तिने पेपर मागितला. पहिल्या पानावरची मोठी बातमी तिने वाचली, अख्खी, शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात. स्वल्पविरामाला थांबली नाही. पूर्णविरामाला थांबली नाही. मला इतका आनंद झाला की मी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिलो, आणि मगच लक्षात आलं की सबंध बातमीत तिने एकदाही श्वास आत घेतला नव्हता.

७

त्यानंतर मी दार उघडू देईनासा झालो. एकदा मेहुणा जेवणाचा डबा घेऊन आत आला, दार उघडं राहिलं, काचा साफ झाल्या आणि ती माशासारखी तडफडली. दार लावलं, काचांवर पुन्हा वाफ धरली, तेव्हा निवली. तेव्हापासून डबा मागच्या छोट्या खिडकीतून घ्यायचा आणि फट लगेच बंद करायची. बुडाची भोकं मी परत बुजवली. दाराच्या रबराला आतून सिलिकॉन भरलं. काम चांगलं झालं. कधी नव्हे ते मला कळलं होतं की काय आत ठेवायचं आहे.

"भाऊजी, तुम्ही तिला कोंडून मारताय," मेहुणा खिडकीतून म्हणायचा. त्याचं चुकत नव्हतं. माझंही चुकत नव्हतं. मी डबा घेऊन फट लावायचो.

तिच्या उशीजवळच्या काचेवर आता तिचाही डाग असायचा. इतरांपेक्षा लहान. पहिल्या दिवशी तो मागे पडायचा, धापा टाकायचा. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांबरोबर आला.

पाचव्या सकाळी ती पेपर वाचत होती. एका शब्दाच्या मध्यावर थांबली. मी पुढची अक्षरं सांगितली. कारकुनाची सवय, अर्धवट ओळ सोडवत नाही. तिने वाचलं नाही. हात हातात घेतला तर तो गार होता, पत्र्यासारखा. छाती वर आली नाही. मी घड्याळ लावून पाच मिनिटं पाहिलं, मग आणखी पाच. मला शंका नव्हती. असे दाखले मी शेकड्याने आवक केले आहेत.

तिचा डाग काचेवर मोठा झाला. लहान झाला. मोठा झाला.

बाहेर पावलं वाजली. "भाऊजी! ताईचा आवाज का थांबला?" मेहुणा होता. "डॉक्टरीणबाई आल्यात. दार उघडा."

"ती झोपलीय."

"दार उघडा आधी."

"उघडता येत नाही."

"श्वास चालू आहे का तिचा? तेवढं तरी सांगा. श्वास चालू आहे का?"

मी काचेकडे पाहिलं. "आहे," मी म्हणालो.

मग तो गॅरेजात धावला आणि पहार घेऊन आला. पहारेचं टोक दाराच्या फटीत शिरलं, पत्रा कण्हला, मी भरलेलं सिलिकॉन पट्टीसारखं सोलत निघालं. वरच्या कोपऱ्यातून उजेडाची रेघ आत आली, आणि तिच्यामागून गार हवा. पुढच्या काचा कोऱ्या झाल्या. त्यांच्या मागच्या झाल्या. एकेक डाग कडेने आत आक्रसत होता, आणि तशी बस रिकामी होत मागे येत होती, आमच्याकडे.

मी पलंगावर गुडघे टेकले, तिच्या अंगावरून वाकलो आणि तिच्या काचेला तोंड लावून, तिच्या डागावर श्वास सोडू लागलो. मोठा, मग आणखी मोठा. मी तालही धरला. तरी काच कडेने साफ होतच होती.